आमच्या घरातलं मेकॅनिकल

मैत्रिणींनो,

खरं तर तुम्हांला मावशी, काकूच म्हणायला हवं. मी अठरा वर्षांची, मूळची मिरजेची, इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. शाखा मेकॅनिकल. हे वाचून तुमच्याही मनात तेच आलं असेल, जे आमच्या आत्या बोलून गेल्या, “अगं, कॉम्प्युटर घ्यायचंस ना! मुलीच्या जातीला ते कानस-हातोडे कशाला?” आत्यांना मी दोष देत नाही. कॉम्प्युटरवाल्यांचे पगार त्यांनी शेजारीपाजारी पाहिलेत.

पण माझी ओढ वेगळी. कुकरमध्ये वाफ कोंडली की दाब वाढतो आणि पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंशांवर उकळतं, म्हणून डाळ लवकर शिजते, हे शाळेत कळलं तेव्हापासून उष्णता हा माझा आवडीचा विषय. स्टीलच्या पातेल्यात दूध मधोमधच का लागतं? कारण स्टीलमधून उष्णता नीट पसरत नाही. तांबं ती वीसपटीहून अधिक वेगानं वाहून नेतं, म्हणून तर पातेल्यांना तांब्याचं बूड लावतात.

पहिल्या वर्षी गणित-भौतिकशास्त्र सगळ्यांनाच असतं. मला गंमत वाटली ती ड्रॉइंगची. शंकू उलगडला तर तो कागदावर सपाट कसा दिसेल, ते काढायचं. आई गल्लीतल्या बायकांचे ब्लाऊज शिवते. बाहीचं कापड बेतताना ती हेच तर करते! पुढे वर्कशॉपमध्ये आम्ही पत्र्याचं नरसाळं केलं. सुट्टीत ते आईच्या हातात दिलं. तिनं उलटसुलट करून पाहिलं नि विचारलं, “जोडाला किती सोडलंस?” आमच्या सरांचाही पहिला प्रश्न हाच होता. आई दहावी आहे, बरं का.

आता पैशाचं. महाराष्ट्र सरकारनं २०२४ साली ठरावीक प्रवर्गांतल्या, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली. प्रवेश मात्र सरकारी प्रवेशफेरीतूनच हवा, आणि दाखले आधीच काढून ठेवावेत. तहसील कचेरीत बाबांचे तीन हेलपाटे झाले! वसतिगृह नि मेसचा खर्च उरतोच. तो आईच्या मशीनवर चालतो.

आत्यांना मी ए. ललिता यांच्याबद्दल सांगितलं. पंधराव्या वर्षी लग्न, अठराव्या वर्षी वैधव्य, पदरात तान्ही मुलगी. तरी १९४३ साली मद्रासच्या गिंडी कॉलेजातून त्या विजेच्या इंजिनीअर झाल्या. आत्या गप्प ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “मुलीला कोण सांभाळत होतं गं?” हा प्रश्न मला सुचलाच नव्हता.

पुढल्या वर्षी थर्मोडायनॅमिक्स, म्हणजे उष्णतेचंच शास्त्र. त्याचं पुस्तक वरच्या वर्गातल्या एका ताईकडून आत्ताच मागून आणलंय.