म्हशीच्या बाळंतपणाची पुडी

लालबागच्या आमच्या वाण्याला एक यादी तोंडपाठ होती. बाळंतशेपा, ओवा, सुंठ, मेथी, हळद, हिंग, काळं मीठ, गूळ. चाळीत कुणाकडे बाळंतपण असलं की ही यादी निघायची आणि मागच्या तबेल्यात म्हैस व्याली तरी हीच. बाईसाठी पुडी, म्हशीसाठी पिशवी, एवढाच काय तो फरक. माझ्या आजीला यात काहीच गंमत वाटत नसे. दोघींच्याही पोटातला वारा सरायला हवा, दोघींनाही दूध यायला हवं, मग औषध वेगळं कशाला, असं तिचं म्हणणं.

तसे हे तबेले सरकारदरबारी केव्हाच गेलेले होते. शहरातल्या म्हशी बाहेर न्यायच्या म्हणून दारा खुरोडींच्या पुढाकाराने 1949 साली गोरेगावला आरे वसाहत उभी राहिली आणि 1951 मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते तिचं उद्घाटनही झालं. तरी गिरणगावात, गिरगावात, माहीमकडे कुठे कुठे दहा-वीस म्हशींचे गोठे बरीच वर्षं तग धरून राहिले. आमच्या मागचा त्यातलाच. पहाटे भोंग्याआधी बादल्यांचा आवाज, आणि पावसाळ्यात सगळ्या गल्लीला सरकीच्या पेंडीचा आंबूस वास.

तबेल्याचे भय्याजी उत्तर प्रदेशातले, पण मराठी आमच्यापेक्षा कडक बोलायचे. म्हशीने वैरण टाकली की ते आधी शेणाकडे बघत. पातळ आहे, गोळा आहे, त्यात न पचलेला दाणा दिसतो का. मग म्हशीच्या डाव्या कुशीत मूठ रोवून गप्प उभे राहत. एकदा मलाही मूठ ठेवायला दिली होती. जरा वेळाने आतून सावकाश, जड असं काहीतरी हाताला वर ढकलतं आणि खाली बसतं. पोट नीट चालत असलं तर मिनिटाला एक-दोनदा. अजिबात ढकललं नाही तर पिशवी काढायची वेळ आली म्हणायचं. ओवा-सुंठ कुटून गुळात गोळा, पोट फुगलं असेल तर गोडेतेलात हिंग, बांबूच्या तिरप्या कापलेल्या नळीने, म्हशीची मान जरा वर धरून. फार वर नाही, नाहीतर तेल फुप्फुसात जातं. हे ते दर वेळी सांगत.

त्यानेही भागलं नाही तर बैलघोडा. परळच्या बाई साकराबाई दिनशॉ पेटिट इस्पितळाला गिरणगावात कुणी पूर्ण नावाने हाक मारल्याचं मला आठवत नाही. 1886 पासून त्याच आवारात पशुवैद्यकीय कॉलेज. तिथल्या डॉक्टरांचा एक इलाज आम्हा पोरांना किळसवाणा वाटायचा: निरोगी जनावराच्या पोटातला रस काढून आजारी जनावराला पाजायचा. शंभर लिटरच्या वर मावेल अशा त्या पोटात चारा पचवणारे जंतू असतात, ते मेले तर म्हैस भरल्या गव्हाणीपुढे उपाशी राहते, म्हणून जंतूंचं विरजण लावायचं. आज माणसांच्या प्रोबायोटिकच्या जाहिराती बघताना मला तो रस आठवतो.

आता ही पिशवी छापील पाकिटात येते. ओवा, सुंठ, हिंग, पिंपळी वगैरेंचं चूर्ण, वर म्हशीचं चित्र, मागे मात्रा. परदेशात तर याचा मोठा कारखानदारी व्यवहार झाला आहे आणि गिऱ्हाईक आहे डुकरीण. व्यायच्या सुमाराला तिला बद्धकोष्ठ होतो, ताप चढतो, दूध आटतं, आणि दहा-बारा पिल्लं उपाशी राहतात. पूर्वी वाढीसाठी खाद्यात सर्रास प्रतिजैविकं घालत. युरोपने 1 जानेवारी 2006 पासून ते बंद केलं आणि मग सगळे वनस्पतींकडे वळले. आपल्याकडेही 2019 मध्ये खाण्याच्या जनावरांना कोलिस्टिन हे प्रतिजैविक द्यायला बंदी आली. त्या परदेशी पाकिटांवर आवर्जून छापलेलं नाव असतं थायमॉल. म्हणजे आपलं ओव्याचं फूल. काष्ठौषधीच्या दुकानात ते खड्याखड्यांचं मिळतं आणि ओव्याच्या तेलात बहुधा निम्म्याच्या आसपास तेच असतं. आजीला हे कळलं असतं तर तिने डुकरिणीलाही बाळंतशेपा सुचवला असता.

पण त्या गोठ्यांच्या आठवणीने गहिवरून यावं असंही नाही. म्हशी जागच्या जागी बांधलेल्या, पारडी फारशी जगत नसत, आटलेली म्हैस कसायाकडे जायची. ओव्याने तिचं पोट सुधारायचं ते दुधासाठीच. पुढे पान्हा चोरणाऱ्या म्हशीला इंजेक्शन टोचायची चाल पडली, तेव्हा पिशवीची कटकटही कमी झाली. खरं तर पाकिटातल्या चूर्णाबद्दल माझी तक्रार नाही, ते आमच्या खलबत्त्यापेक्षा स्वच्छ आणि मापात असणार. तक्रार आहे ती मूठ न रोवता पाकीट फोडण्याची. छापील मात्रा सगळ्या म्हशींना सारखीच, आणि ओव्याने हलणारं पोट कुठलं न् डॉक्टरकडे न्यायचं कुठलं, ते पाकिटावर लिहिलेलं नसतं.

गिरगावात उलटा प्रकार, तिथे गाईला चारायचं ते पुण्यासाठी. भुलेश्वरचा पांजरापोळ 1834 पासून आहे, आणि रस्त्याच्या कोपऱ्यावर गाय घेऊन बसणारी बाई, चार आण्याला गवताची पेंडी, हे माझ्या लहानपणी रोजचं होतं. गवत घालणारा दोन काड्या घालून पुढे जायचा, गाईला काही बाधायचं नाही. हल्ली पुण्य वाढलं आहे. वाढदिवसाचे लाडू, पुरणपोळ्या, उरलेला भात, आणि कधी कधी ज्या पिशवीतून आणलं ती पिशवीसुद्धा. पिठूळ-गोड एकदम पोटात पडलं की ते आंबतं, आम्ल वाढतं आणि जंतू मरतात. त्यावर खायचा सोडा चालतो, ओवाही थोडाफार चालतो. प्लास्टिकवर मात्र कुठलंच चूर्ण चालत नाही. कूस फाडावी लागते.

परळला मध्यंतरी गेलो होतो. बैलघोड्यात बैल नव्हता, घोडाही नव्हता. रांगेत लॅब्रेडॉर, पर्शियन मांजरं, एका मुलीच्या मांडीवर कासव. शेजारच्या बाईंच्या कुत्र्याचं पोट बिघडलेलं. त्यांनी ऑनलाइन मागवलेली भोपळ्याची पूड दाखवली आणि डबीची किंमत सांगितली. त्या पैशात आमच्या वाण्याने महिनाभर म्हैस सांभाळली असती. मी कुत्र्याची शी कशी होते ते विचारलं. बाई म्हणाल्या, ते नोकर बघतो.