काकांच्या चार खुंट्या

मुंबई हायचं तेल लागलं ते फेब्रुवारी १९७४ मध्ये, 'सागर सम्राट' रिगवरून. पण तिथं समुद्रतळाखाली खडकांचा उंचवटा असल्याचं त्याआधी जवळजवळ दहा वर्षं कळलेलं होतं. 'अकादमिक अर्खांगेल्स्की' या सोव्हिएत जहाजानं पाण्यातून खाली लहरी सोडल्या, खडकांच्या थरांवरून परतणारे पडसाद नोंदले आणि त्यातून तो आकार उमटला. आकार दिसला म्हणून आत तेल असेलच असं नाही. असेल ते खारं पाणीही. हा संशय मला नोकरीत फार उपयोगी पडला, आणि तो मी मूर्तिजापुरात शिकलो, आमच्या घरात भाड्यानं राहणाऱ्या काकांकडून.

काका भूजल सर्वेक्षणाच्या कामावर होते. १९७२ च्या दुष्काळानंतरचे दिवस. आमचा पूर्णेकाठचा खारपाणपट्टा. विहिरीला पाणी लागायचं, पण त्यात डाळ शिजायची नाही. गोडं पाणी कुठं मिळेल, हे काका चार लोखंडी खुंट्यांनी शोधत. एका रेषेत ठोकायच्या, बाहेरच्या दोहोंतून वीज जमिनीत सोडायची, आतल्या दोहोंत विजेचा दाब मोजायचा आणि त्यावरून जमीन वीज किती अडवते त्याचा आकडा काढायचा. अंतर वाढवलं की खोलवरचं कळायचं. वायर ओढणं आणि सुक्या मातीत खुंटीपाशी पाणी ओतणं हे काम माझं. आकडा अगदी खाली आला की मी ओरडायचो, "काका, खारं!"

"लगेच खारं नको म्हणू बाप्पा. चिकणमातीही असाच आकडा देते. शेजारची विहीर पाह्य, पाणी चाख, मंग बोल."

दहावीनंतर मला सरकी-ढेपेच्या दुकानात बसवायचं, असं वडिलांनी ठरवलेलं. काका ओसरीवर येऊन म्हणाले, "दादा, याले शिकू द्या. ढेप तोलाले मी माणूस पाहून देतो." दिलाही पाहून. त्या माणसानं दुकान सांभाळलं, म्हणून मी नागपूरला भूगर्भशास्त्र शिकू शकलो. उपकाराची ही तऱ्हा मला आजही आशीर्वादापेक्षा मोठी वाटते.

पुढे समुद्रातल्या विहिरींत मी तारेला बांधलेली उपकरणं सोडू लागलो. चुनखडकाच्या छिद्रांत खारं पाणी असेल तर वीज सहज जाते, तेल-वायू असेल तर अडते. खुंट्यांचंच तत्त्व, फक्त रिग पाय समुद्रतळावर टेकवून उभा आणि एका दिवसाचा खर्च ऐकून मूर्तिजापूरच्या बाजारपेठेला घाम फुटावा असा. शिवाय इथं चाखून बघायची सोय नाही. म्हणून सोबत गामा किरणांची नोंद घेतात. मातकट थरात ती बहुधा चढते.

हे सगळं मी काकांना पत्रानं कौतुकानं कळवलं. तोवर त्यांची बदली होऊन निवृत्तीही झाली होती. उलट टपाली कार्ड आलं. प्रकृतीची चौकशी एका ओळीत, आणि खाली: "गामा चढला नाही, आकडाही खाली, तर खारं पाणी. हे समजलं. पण आकडा वर आला तर तेलच कशावरून? छिद्रं नसलेला घट्ट दगडही वीज अडवतो. ते कसं पाहता, सविस्तर लिही."

दगडातली छिद्रं जोखणाऱ्या घनता आणि न्यूट्रॉनच्या नोंदींबद्दल मी त्यांना चार पानं लिहिली.