बुजवू नये

ऊब ही वस्तू गोमंतकात कोणाला मागून आणावी लागत नाही. ती उघड्या दारातून आपल्या पायांनी आत येते आणि पुष्कळदा जा म्हटले तरी जात नाही. माझा सारा संसार म्हापशास झाला. त्या संसारात पंखा, माठ, वाळ्याचे पडदे, दुपारी शिंपडलेले अंगण, अशी थंडाव्याचीच चिंता मी वाहिली. ऊब कशी निर्माण करावी आणि निर्माण केलेली कशी राखावी, हा विचार सत्तरीच्या उंबरठ्यावर, तोही जर्मनीतील एका पन्नाशी उलटलेल्या मोटारीत बसून मला करावा लागेल, असे कोणी सांगितले असते तर मी त्याची थट्टा केली असती.

माझी मुलगी आणि जावई फ्रायबुर्ग नगरात राहतात. त्यांनी १९७३ साली बनलेली एक फोक्सवॅगन गाडी विकत घेतली. पावाच्या लादीसारखी दिसणारी ही गाडी वाचकांपैकी अनेकांनी पाहिली असेल. १९४७ साली बेन पोन नावाच्या एका डच व्यापाऱ्याने तिची पहिली आकृती आपल्या वहीत रेखाटली आणि १९५० साली ती कारखान्यातून बाहेर पडू लागली. पुढे वेस्टफालिया या कारखान्याने तिच्या पोटात पलंग, कपाटे आणि चूल बसवून तिचे चाकांवरचे घर केले. जर्मन लोक तिला लाडाने 'बुली' म्हणतात.

मला मात्र ती परकी वाटली नाही. १९७८ साली लग्न होऊन मी बेळगावहून म्हापशास आले, तेव्हा शुक्रवारच्या बाजारात नारळ आणि सुक्या मासळीच्या ढिगांपलीकडे अशीच एक धुळीने माखलेली गाडी मी पाहिली होती. युरोपातून निघून तुर्कस्थान, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान असा प्रवास करीत तरुण परदेशी प्रवासी तेव्हा हणजुण्याच्या किनाऱ्यावर येत. १९७९ साली इराणात क्रांती झाली, त्याच वर्षाच्या अखेरीस अफगाणिस्तानात रशियन फौजा शिरल्या, आणि तो रस्ता बंद पडला. त्या दिवशी त्या गाडीच्या दारात एक गोरी मुलगी घामाघूम होऊन कलिंगड खात बसली होती. हे घर मुळात कोणत्या थंडीतून आले असेल, हा प्रश्न तेव्हा माझ्या मनात आला नाही.

तो प्रश्न पडला गेल्या वर्षी, ऑक्टोबरात मी मुलीकडे गेले तेव्हा. गाडीच्या आतील फळ्या काढून ठेवलेल्या होत्या आणि आत उघडा पत्रा दिसत होता. एकपदरी पोलादी पत्रा, त्यापलीकडे थेट आकाश. जावयाने मला आपल्या मोडक्यातोडक्या मराठीत त्या गाडीची रचना समजावून दिली. हिचे इंजिन मागे असते आणि ते पाण्याने नव्हे, वाऱ्याने थंड होते. म्हणून इतर मोटारींप्रमाणे गरम पाण्यावर चालणारी उबेची सोय हिच्यात नाही. धुराच्या तापलेल्या नळ्यांभोवती पत्र्याची वेष्टने असतात. पंख्याचा वारा त्यांतून फिरून गरम होतो आणि गाडीच्या तळाखालून लांबच लांब नळीने पुढे येतो. येता येता त्यातील निम्मी ऊब रस्त्यालाच दान होते. इंजिन बंद झाले की उरलेलीही संपते. म्हणजे चालताना थोडी ऊब आणि थांबल्यावर मुळीच नाही. ज्या घरात थांबून झोपावयाचे, त्याची ही तऱ्हा!

त्या वेष्टनांविषयी त्याने आणखी एक गोष्ट सांगितली. आतून विषारी धूर आणि बाहेरून आपण श्वासात घेणार ती हवा, यांच्यामध्ये केवळ एक पातळ पत्रा असतो. पन्नास वर्षांत तो गंजून सच्छिद्र झाला तर धूर उबेबरोबरच आत येतो, आणि त्यातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. दोन्ही वेष्टने त्याने बदलून टाकली होती. तो बोलत होता आणि मी मान हलवीत होते. बेचाळीस वर्षांपूर्वीचे काहीतरी माझ्या मनात हलले. मी ते पुन्हा झाकून ठेवले.

दुरुस्तीचे काम नोव्हेंबरभर चालले. त्यात एक अडचण होती. तीस वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात राखलेली गाडी असेल तर तिच्या क्रमांकाच्या पाटीवर शेवटी 'एच' हे अक्षर मिळते. ऐतिहासिक वस्तू म्हणून तिचा मान होतो आणि करातही सवलत मिळते. मनाला येईल ते फेरफार केले तर तो मान जातो. तेव्हा जे नवे करावयाचे ते जुन्याच्या आड करावयाचे. आपल्याकडे देवळाचा जीर्णोद्धार करताना गाभाऱ्याला हात लावीत नाहीत, तसेच हे. प्रथम गंज खरवडला, रंग दिला. मग पत्र्याला बंद छिद्रांच्या फेसाळ रबराचे जाड थर घट्ट चिकटवले, कारण माणसाच्या श्वासातील ओल थंड पत्र्यावर दवासारखी जमते आणि फळीमागे राहून पत्रा कुजवते. जमिनीवर बुचाच्या सालीचे तक्ते आले. त्यावर जुन्याच फळ्या जुन्याच स्क्रूंनी बसविल्या. बाहेरून पाहणाराला काही झाले आहे याचा पत्ता लागू नये!

माझ्या वाट्याला खिडक्या आल्या. काचेतून ऊब फार जाते. बाजारात त्यासाठी चकाकणारी आच्छादने मिळतात, पण मी म्हटले, गोधडी शिवणाऱ्या घरातली मी, मला हे विकत कशाला? बरोबर नेलेली दोन जुनी लुगडी, मध्ये लोकरीचा जाड नमदा, असे पदर घालून मी एकेका खिडकीच्या मापाची गोधडी शिवली. गोधडीची ऊब कापडात नसते, दोन पदरांमध्ये अडकून राहिलेल्या हवेत असते, हे मला आईने लहानपणी सांगितले होते. जावयाला ते फार पटले.

मग हीटर आला. आसनाखाली मावणारी ती लहानशी पेटी गॅसवर चालते. तिची खुबी अशी की जळण्यासाठी लागणारी हवा ती गाडीच्या तळातून बाहेरची घेते आणि धूरही बाहेरच सोडते. आतली हवा केवळ तिच्या तापलेल्या अंगावरून फिरून येते. विस्तव आणि श्वास यांची गाठ पडत नाही. दोन किलोवॅटची ती पेटी पूर्ण जोराने चालली तर तासाला सुमारे दीडशे ग्रॅम गॅस लागतो, म्हणजे पाच किलोंच्या टाकीवर तीसएक तास. गॅसही निवडून घ्यावा लागतो. ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपासच द्रवरूपात बसून राहतो आणि कडाक्याच्या थंडीत टाकीतून वर येतच नाही. प्रोपेन उणे बेचाळीस अंशांपर्यंत वायुरूप होतो. म्हणून तिकडे हिवाळ्यात प्रोपेनच वापरतात. वीज, दिवे, दुसरी बॅटरी यांचाही बंदोबस्त झाला. कपाटाशेजारी कार्बन मोनॉक्साइड ओळखून किंकाळी फोडणारी एक पांढरी डबी बसविली गेली. आणि चुलीखाली, जमिनीला, हाताच्या पंजाएवढे एक जाळीदार छिद्र ठेवले. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर खाली साचतो, त्याला बाहेर पडण्यास वाट हवी, आणि आतल्या माणसांना ताजी हवाही हवी. इतका खटाटोप करून ऊब कोंडावयाची आणि मग तळाला भोक पाडावयाचे, हे मला मनातून मुळीच आवडले नव्हते.

जानेवारीत मुलगी मला म्हणाली, "आई, आपण दोघीच जाऊ या." फेल्डबर्ग हा ब्लॅक फॉरेस्टमधील सर्वांत उंच डोंगर, १४९३ मीटरांचा. त्याच्या पायथ्याशी गाड्यांचा एक तळ आहे. पहिली रात्र सुखाची गेली. बाहेर बर्फ, आत माझ्या लुगड्यांच्या खिडक्या, आणि आसनाखालून येणारी मांजराच्या घुरघुरीसारखी ऊब. दिवसभर गाडी हलली नाही. दुसऱ्या रात्री उणे आठ अंश थंडी होती. पहाटेच्या सुमारास मला जाग आली ती शांततेने. घुरघुर थांबली होती. हीटरच्या पंख्याला वीज लागते, आणि गाडी न चाललेल्या त्या दोन दिवसांत दुसरी बॅटरी रिकामी झाली होती, हे पुढे कळले. त्या क्षणी मला एवढेच कळले की पायाला जमिनीतून थंडगार वारा लागतो आहे.

मुलगी गाढ झोपली होती. तिला उठवावेसे वाटेना. मी माझी शाल काढली आणि त्या नावडत्या भोकात ठासून बसविली. मग चुलीची ज्योत बारीक करून पेटविली आणि तिच्यापुढे हात धरून बसले. लेकराला वारा लागू नये, त्याला ऊब मिळावी, एवढीच त्यात बुद्धी होती. निळ्या ज्योतीकडे पाहता पाहता माझे डोळे केव्हा मिटले ते मला ठाऊक नाही.

त्यानंतरचे आठवते ते तुटक तुटक. कानात घुसणारी किंकाळी. जड झालेले डोके. "आई, भायर सर! बेगीन भायर सर!" असा मुलीचा आवाज, घाबरली की तिच्या तोंडी येते त्या कोंकणीत. सरकते दार धाडकन उघडले, आणि दुसऱ्याच क्षणी मी अनवाणी पायांनी बर्फात उभी होते. मुलगी मला दोन्ही दंडांना धरून सारखी म्हणत होती, "श्वास घे, आई, श्वास घे." चूल तिने विझविली, शाल उपसून काढली. सकाळी गावातील डॉक्टरांनी आम्हा दोघींचे रक्त तपासले आणि काळजीचे कारण नाही असे सांगितले. उघड्या ज्योतीला हवा पुरेनाशी झाली की ती हे विष निर्माण करते, आणि रक्तातील ज्या द्रव्याने प्राणवायू वाहून न्यावयाचा, त्याला हे विष प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट बिलगते, हेही त्यांनी मला समजावले. त्यांना काय ठाऊक की हा धडा मी पूर्वीच एकदा शिकले होते!

डॉक्टरांकडून परतताना मी मुलीला गाडी कडेला थांबविण्यास सांगितले आणि बेचाळीस वर्षे न सांगितलेली गोष्ट सांगितली. १९८३ चा श्रावण. बेळगावास माहेरी तिचा जन्म झाला. पाऊस खंडत नव्हता. बाळंतिणीची खोली म्हणजे मधली, अंधारी. बारशाच्या आदल्या रात्री गारठा फार म्हणून माझ्या आईने निखाऱ्यांनी भरलेली शेगडी बाजेखाली ठेवली, आणि बाळाला वारा लागू नये म्हणून खोलीचा एकुलता झरोका चिंध्यांनी बुजवून दार ओढून घेतले. पहाटे आत्या गरम पाणी घेऊन आली तेव्हा मी हाकेला ओ देत नव्हते, आणि बाळ माझ्या कुशीत मान टाकून पडले होते. आम्हा दोघींना अंथरुणासकट ओढून पडवीत आणले. पावसाचे तुषार अंगावर येत होते. पुष्कळ वेळाने मी डोळे उघडले. बाळ रडले ते त्याहूनही उशिरा. तेवढ्या वेळात माझ्या आईचे काय झाले असेल, याची कल्पना मला आता, स्वतः शाल ठासून बसविल्यावर आली.

आईने त्या रात्रीविषयी पुढे कधी चकार शब्द काढला नाही. मीही काढला नाही. घरातील ती शेगडी मात्र पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडली नाही. आई गेली, आणि मी ठरविले की नातीला हे सांगावयाचे नाही. जिने तिला सर्वांहून अधिक जीव लावला, तिच्या नावावर हे एक कशाला मांडून ठेवा?

मुलगी बराच वेळ समोरच्या पांढऱ्या रस्त्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "मी बेळगावास गेले की आजी रात्री उठून माझ्या उशाची खिडकी उघडायची. डिसेंबरातसुद्धा. मी थंडीने कुडकुडायचे आणि तिच्यावर रागवायचे. ती म्हणायची, असू दे गं, वारा येऊ दे." एवढे बोलून तिने गाडी सुरू केली. माझ्यावर ती रागावली नाही. रागावली असती तर मला बरे वाटले असते.

घरी आल्यावर जावयाने मोठी बॅटरी बसविली आणि तीत किती वीज उरली आहे हे दाखविणारे एक घड्याळही लावले. तळातील छिद्राभोवती त्याने पितळेची चौकट केली. माझ्या मुलीने त्या चौकटीवर लाल रंगाने, बारीक कुंचल्याने दोन शब्द लिहिले: बुजवू नये.

मार्चमध्ये गाडी तपासणीस गेली. तपासनीसाने जुन्या फळ्या, जुनी कपाटे, जुने पडदे पसंत केले. मग ओणवा होऊन त्याने ती लाल अक्षरे न्याहाळली आणि ही नक्षी मूळची आहे काय, असे विचारले. जावई म्हणाला, "नाही. ती घरातली आहे." तपासनीसाने मान डोलावली. पाटीवरचे अक्षर कायम राहिले.

म्हापशास परत आल्यापासून मी माझ्या खोलीची खिडकी रात्री उघडी ठेवते. पावसाळ्यातसुद्धा ती मी बंद केली नाही. उशी थोडी भिजते, पण त्याला इलाज नाही.