आम्ही नावाचे राष्ट्र

कशेळी म्हटले की साहित्याच्या मंडळींना राजापूरजवळची, कनकादित्याची कशेळी आठवते. आमची ती नव्हे. आमची कशेळी ठाण्याहून भिवंडीकडे निघाल्यावर बाळकूम मागे टाकून खाडीवरचा पूल ओलांडला की लागते. लागते म्हणण्यापेक्षा आता ती गोदामांच्या रांगांमधून शोधून काढावी लागते. ही गोदामे येथे का उगवली याचे उत्तर आम्हाला लहानपणी कोणत्याही भूगोलाच्या पुस्तकात मिळाले नाही, पण गावातल्या प्रत्येकाला ते ठाऊक होते : जकात. मुंबई-ठाण्याच्या हद्दीत माल शिरला की कर बसतो, हद्दीबाहेर पडून राहिला तर बसत नाही. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला आणि मुंबईची जकात गेली, तोवर हे गणित चालू होते. सीमा म्हणजे काय, तिच्या या बाजूला भात पिकवण्यापेक्षा खोकी साठवणे फायद्याचे का ठरते, हे आम्ही नकाशाच्या आधी ट्रकांच्या रांगा पाहून शिकलो.

म्हणूनच २००४ साली आम्ही तिघांनी मिळून एक राष्ट्र काढले, तेव्हा त्याच्या उत्पन्नाचे पहिले कलम जकात हेच होते.

हा आंतरजालावरचा, लिहून खेळायचा खेळ. प्रत्येक खेळाडूने एक राष्ट्र कल्पायचे. त्याला नाव, ध्वज, लोकसंख्या, सैन्य, शेजारी आणि थोडाबहुत इतिहास द्यायचा. मग त्या राष्ट्राच्या वतीने एक मजकूर लिहायचा (जाहीरनामा, तहाचा मसुदा, सीमेवरच्या चौकीतले एखादे दृश्य) आणि थांबायचे. दुसरा खेळाडू सवडीने उत्तर लिहितो. कधी दोन तासांनी, कधी दोन आठवड्यांनी. फासे नाहीत, सोंगट्या नाहीत, गुण नाहीत. जे आहे ते गद्य. ऑस्ट्रेलियन कादंबरीकार मॅक्स बॅरी याने आपल्या आगामी कादंबरीची जाहिरात म्हणून २००२ साली 'नेशनस्टेट्स' हा खेळ सुरू केला आणि त्याभोवती अशा लेखनाचा मोठा पसारा उभा राहिला. आमचा खेळ त्याच जातकुळीतला, पण फार लहान. सगळी मिळून वीस-बावीस राष्ट्रे असतील.

परंपरा मात्र जुनी आहे. ॲलन कॅल्हामरने १९५४ मध्ये रचलेला आणि १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेला 'डिप्लोमसी' हा पटावरचा खेळ १९६३ पासून अमेरिकेत टपालाने खेळला जाऊ लागला. जॉन बोर्डमन याने ती प्रथा पाडली. पण आमच्या वाचकांना त्याहून जवळचे उदाहरण ब्राँटे भावंडांचे वाटेल. १८२६ साली वडिलांनी ब्रॅनवेलसाठी बारा लाकडी शिपाई आणले आणि त्यांतून ग्लास टाउन, अँग्रिया, गोंडाल ही राज्ये जन्माला आली. १८४५ साली एमिली आणि ॲन आगगाडीने यॉर्कला गेल्या तेव्हा त्या प्रवासभर गोंडालची पात्रे होऊन बोलत होत्या. एमिली तेव्हा सत्ताविशीला टेकली होती. 'वदरिंग हाइट्स'वरच्या व्याख्यानांत हा तपशील आला तर तो बालपणाचे कौतुक म्हणून येतो. आम्हाला तो तसा कधीच वाटला नाही. सत्ताविशीतही जे सुटत नाही, त्याला बालपण म्हणावे काय?

असो. आमच्याकडे लाकडी शिपाई नव्हते. भिवंडीतल्या एका सायबर कॅफेचा अर्धा तास होता, तोही भारनियमनाने परवानगी दिली तर. त्यामुळे मजकूर घरी वहीत लिहून न्यायचा आणि तेथे भराभर टंकायचा. खेळाची भाषा इंग्रजी, आमच्या वादांची आगरी आणि राज्यकारभाराची परिभाषा भलतीच. आमच्यातला एक जण मराठी घेऊन बी. ए. करीत होता. फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठी शिवकाळात तयार झालेल्या 'राज्यव्यवहारकोशा'ची ओळख त्याला नुकतीच झाली होती. परिणामी आमच्या राष्ट्रात अमात्य, सचिव, सुमंत झाले आणि परदेशी खेळाडू ते शब्द तोंडात येतील तसे वापरू लागले. राज्य आधी शब्दांचे होते, मग माणसांचे, हे आम्ही कोणत्याही सिद्धांताशिवाय अनुभवले.

२६ जुलै २००५ च्या पावसात खाडीचे पाणी आमच्या ओट्याला लागले आणि आठवडाभर खेळणे बंद पडले. परतलो तेव्हा कळले की फिनलंडमधल्या एका खेळाडूने बातमी वाचून आमच्या राष्ट्रासाठी धान्याने भरलेली चार जहाजे रवाना केली होती. काल्पनिक राष्ट्राची, काल्पनिक जहाजे. आमच्या घरातले तांदूळ खरोखरच भिजले होते. आम्ही हसलो, पण त्या जहाजांच्या स्वागताचा मजकूर लिहिताना एकाच्याही मनात थट्टा नव्हती.

आता या खेळाचा तो नियम सांगायला हवा, ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला. हल्ला करणाऱ्याने फक्त हल्ला लिहायचा. त्यात समोरच्याचे किती मेले, काय पडले, काय जळले, हे त्याने लिहायचे नाही. ते ज्याच्यावर हल्ला झाला तो लिहील. दुसऱ्याची हानी स्वतःच लिहून टाकणे हा या खेळातला सर्वांत मोठा असभ्यपणा. तसे करणारा स्वतःला देव समजतो, असे म्हणत. तेव्हा आम्हाला ही न्यायाची साधी सोय वाटली. पुढे ध्यानात आले की जगाचा व्यवहार नेमका याच्या उलट चालतो. तेथे जिंकणारा बखर लिहितो, सरकार आकडा लिहिते, चौकशी आयोग तिसऱ्याच कोणाच्या तोंडून तो तपासतो. भिवंडीच्या १९७० च्या दंगलीची चौकशी न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने केली. त्या अहवालाचे मोल मोठे आहे, पण अहवालातला माणूस साक्षीदार असतो, लेखक नसतो.

सायबर कॅफेत शेजारच्या खुर्चीवर बसणारा एक मुलगा आमच्या पडद्यात डोकावत असे. पंधरा दिवस डोकावून झाल्यावर त्याने विचारले, "ये क्या मुल्क मुल्क खेलते हो?" आणि महिन्याभरात त्याचे स्वतःचे राष्ट्र झाले. उर्दू माध्यमातून शिकलेला, वडिलांचे काही माग असलेला. त्याचे राष्ट्र विणकरांचे. समुद्रकिनारा नाही, सैन्य जेमतेम, पण प्रत्येक शेजाऱ्याच्या अंगावरचे कापड त्याच्याकडचे. तो आमच्यापेक्षा चांगला लिहीत असे, हे कबूल करायला आम्हाला बराच वेळ लागला. आमचा मजकूर घोषणांनी भरलेला असे. त्याच्या मजकुरात धोटा, कांडी, बीम असत, रात्रपाळीचा चहा असे, वीज गेल्यावर एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत सरकत जाणारी शांतता असे.

सीमेवरच्या जकातीवरून आमचे त्याच्याशी युद्ध झाले. जकात आम्हीच दुप्पट केली होती. २००६ च्या उन्हाळ्यात आम्ही तिघांनी एका रात्रीत तो मजकूर लिहिला : आमचे सैन्य त्याच्या राजधानीच्या विणकर पेठेत शिरते आणि पेठेला आग लावते. नियम आम्ही कसोशीने पाळला. एकही मृत लिहिला नाही, एकही घर पडलेले दाखवले नाही. फक्त आग लिहिली. चांगली लिहिली, असेही तेव्हा वाटले. विणकरांचे शहर म्हणून आम्हाला एकच शहर माहीत होते, त्यामुळे गल्ल्या तिथल्याच आल्या. मे महिना आला. वीज गेलेली रात्र आली.

अकरा दिवस त्याचे उत्तर आले नाही. मग आले. त्यात सैनिक नव्हते, प्रतिहल्ला नव्हता, राष्ट्राध्यक्षांचे भाषण नव्हते. एक माणूस सकाळी आपल्या कारखान्यात येतो एवढेच होते. माग पूर्ण जळत नाही; सूत जळते, लाकूड जळते, बिडाची चौकट उभी राहते. पण तापलेल्या बिडावर बंबाचे पाणी पडले की ते तडकते, आणि तडकलेला माग भंगारवाला वजनावर नेतो. सूत उधारीवर आणलेले असते. ते जळाले तरी उधारी तशीच राहते. तिसऱ्या दिवशी सूतवाला येतो, दारात उभा राहतो, आणि त्यालाही काय बोलावे ते सुचत नाही. मृतांचा आकडा त्याने लिहिला नव्हता. तो अधिकार त्याचा होता आणि तो त्याने वापरला नाही.

हे कल्पनेतून आलेले नाही, हे कळायला आम्हाला वय कमी पडले नाही. मे १९८४ मध्ये भिवंडी पेटली तेव्हा आमच्यापैकी कोणी जन्मलेलेही नव्हते, तोही नव्हता. आमच्या घरांत त्या महिन्याविषयी एकच वाक्य शिल्लक होते : तेव्हा भिवंडीकडे कोणी फिरकले नाही. त्या वाक्यात कोणी मेले नव्हते, काही जळले नव्हते. त्याच्या घरात बहुधा जास्त वाक्ये होती. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली, त्याचे श्रेय पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्लोमोहल्ली उभ्या केलेल्या समित्यांना दिले जाते. दोन्हीकडची माणसे एकत्र बसवायची, पुन्हा पुन्हा बसवायची, एकमेकांचे ऐकून घ्यायला लावायचे. आम्ही या समित्यांविषयी शाळेत अभिमानाने ऐकले होते. त्यांची गरज का पडली, हे कोणी सांगितले नव्हते आणि आम्ही विचारले नव्हते.

आम्ही तहाचा मसुदा लिहायला घेतला. इंग्रजीत तो सोपा होता. 'वुई' म्हटले की झाले. पण सवयीने कच्चा खर्डा मराठीत केला आणि पहिल्याच शब्दावर अडलो. आम्ही की आपण? ऐकणाऱ्याला वगळणारे 'आम्ही' आणि त्याला सामावून घेणारे 'आपण' हा भेद मराठीत द्राविडी भाषांच्या शेजारातून आला असे अनेक भाषाभ्यासक मानतात. इंग्रजीच्या 'वुई'त तो नाही, त्याच्या उर्दूच्या 'हम'मध्येही नाही. दोन वर्षे आम्ही इंग्रजीत 'वुई' लिहीत होतो आणि मनात प्रत्येक वेळी 'आम्ही' म्हणत होतो, हे त्या रात्री वहीच्या पानावर दिसले. 'आपण' लिहावे तर आग आम्ही लावली होती. 'आम्ही' लिहावे तर तो तह कसला? एकाने 'उभय राष्ट्रे' असा सरकारी तोडगा सुचवला, आणि तोच पाठवला. भित्रेपणा होता, दुसरे काही नाही.

या खेळात पात्राबाहेर येऊन काही सांगायचे असेल तर ते दुहेरी कंसात लिहितात. दोन दिवसांनी त्याचे उत्तर दुहेरी कंसात आले. रोमन लिपीत, पण मराठीत. शाळेतल्या द्वितीय भाषेच्या पुस्तकातून येते तशा स्वच्छ, इस्त्री केलेल्या मराठीत. एकच वाक्य : "यापुढे आपण लिहू नये."

आम्ही तिघे त्या संध्याकाळी पुलावर उभे राहून या वाक्यावर भांडलो. एक म्हणाला, हे 'आप'चे मराठी आहे. तो आदराने आपल्याला गप्प राहायला सांगतो आहे. दुसरा म्हणाला, नाही, त्याने आपल्याला आणि स्वतःला एकत्र धरले आहे. खेळ दोघांनी मिळून थांबवू या, असे त्याचे म्हणणे. बी. ए. मराठीवाला म्हणाला की 'आपण' स्वतःसाठीही वापरतात. तो कदाचित स्वतःलाच बजावत असेल. व्याकरण तिघांच्याही बाजूने होते. खाली ओहोटी लागली होती आणि ठाण्याच्या अंगाला ट्रक नेहमीसारखे नाक्यावर खोळंबले होते.

त्याला विचारता आले असते. तो पुढची दोनेक वर्षे त्याच रस्त्याने येत-जात होता, भेटला की हात करीत होता.