बेगमचं वजन

गेल्या पावसाळ्यापासून आमच्या घरात दोन जण पथ्यावर आहेत. एक माझे अब्बा, वय 79, साखरेचा आजार. दुसरी बेगम, वय अंदाजे सहा, आजार काही नाही, फक्त खाणं. अब्बांच्या पथ्याबद्दल लिहायला मला सक्त मनाई आहे. म्हणून बेगमबद्दल लिहिते.

बेगम ही मांजर आहे हे आमच्या ओळखीच्यांना सांगावं लागत नाही. खोताच्या वाडीत तिला आमच्यापेक्षा जास्त लोक ओळखतात. पांढरी, पाठीवर तांबूस डाग, आणि चाल अशी की जणू सगळी गल्ली तिच्या भाड्यावर चालते. जून संपता संपता एक दिवस ती शेजारच्या जिन्याच्या कठड्यावर उडी मारायला गेली आणि अर्ध्यातून खाली आली. आजूबाजूला पाहिलं, कुणी बघितलं नाही असं ठरवलं आणि पाय चाटायला बसली. पाठ मात्र चाटता येईना. मान वळायची, पोट आडवं यायचं. शेपटीजवळच्या केसांच्या गुठळ्या झाल्या होत्या. त्या मी बरेच दिवस पाहत होते, पण अर्थ लागला नव्हता.

तिला भाजीच्या झाकणाच्या टोपलीत घालून टॅक्सीने परळला नेलं. बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय हे त्याचं पूर्ण नाव, पण टॅक्सीवाल्याला ‘बैलघोडा’ म्हटलं की पुरतं. 1886 साली मुंबईचं पशुवैद्यक महाविद्यालय याच आवारात सुरू झालं. गिरणगावचे बैल आणि घोडे गेले, नाव राहिलं. आता तिथल्या बाकावर कुत्री, मांजरं, पंख मोडलेल्या घारी, आणि त्यांना मांडीवर घेऊन बसलेली आपल्यासारखी माणसं.

वजन भरलं सहा किलो आठशे. डॉक्टरीणबाईंनी बेगमच्या कुशीवर बोटं फिरवली, मग माझा हात धरून फिरवायला लावला. म्हणाल्या, तुमच्या पंजाच्या मागच्या बाजूवरून बोट फिरवा, हाडं लागतात ना? मांजराच्या बरगड्या तशा लागल्या पाहिजेत. बेगमच्या बरगड्या मला सापडल्याच नाहीत. हिच्या चणीला पाच किलो पुष्कळ झाले, असं त्या म्हणाल्या. नसबंदीनंतर मांजराची भूक तेवढीच राहते किंवा वाढते, पण शरीराला लागणारं अन्न कमी होतं. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर!

खास वजन उतरवण्याचं खाणं मिळतं. त्याची किंमत विचारली आणि पिशवी जागेवर ठेवली. आमच्या महिन्याच्या वीजबिलापेक्षा ती जास्त होती. मी शिकवण्या घेते, अब्बांची पेन्शन त्यांच्या औषधांत जाते. डॉक्टरीणबाई समंजस निघाल्या. म्हणाल्या, नेहमीचंच कोरडं खाणं द्या, पण मोजून. हिशेब असा निघाला: दिवसाला साधारण 190 कॅलरी. आमच्या पिशवीवर किलोला 3,600 छापलं होतं, म्हणजे 40 ग्रॅम कोरडं खाणं, आणि वर 25 ग्रॅम उकडलेलं चिकन. चिकनला मीठ नाही, कांदा-लसूण तर मुळीच नाही, त्याने मांजराच्या रक्तातल्या पेशी फुटतात. नुसत्या चिकनवर ठेवायचं नाही, कारण त्यात सगळं नसतं. खर्च किती वाढला? कमी झाला. पूर्वी भांडं दिवसभर भरलेलं असायचं. आता पिशवी जास्त दिवस पुरते. खर्च एकच, क्रॉफर्ड मार्केटजवळून घेतलेला साडेतीनशेचा स्वयंपाकघरातला काटा. बेगमला स्वतःला मात्र दर रविवारी कापडी पिशवीत घालून रद्दीवाल्याच्या काट्यावर न्यायचं. पहिल्या रविवारी त्याने गंभीरपणे विचारलं, ‘बाजी, कुठल्या भावाने लावू?’

मी आणखी एक विचारून घेतलं होतं. दोन-तीन दिवस उपाशीच ठेवली तर लवकर उतरणार नाही का? डॉक्टरीणबाईंचा चेहरा बदलला. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस जेवलं नाही तर अंगातली चरबी यकृतात जाऊन साचते, आणि त्यात ते दगावू शकतं. माणसाच्या उपवासाचा हिशेब मांजराला लागू नाही. आठवड्याला 40-50 ग्रॅम उतरलं तरी खूश राहा, घाई करू नका.

सगळं ठरल्याप्रमाणे केलं. तीन आठवड्यांनी काटा म्हणाला, सहा किलो आठशे वीस.

म्हणजे बाहेर कुणीतरी खाऊ घालत होतं. कुणीतरी म्हणजे सगळेच. खोताची वाडी ही मांजरांसाठीच बांधली असावी असं मला नेहमी वाटतं. बैठी आणि एकमजली घरं, लाकडी व्हरांडे, बाहेरून चढणारे जिने, एकमेकांना टेकलेली कौलं. एकेकाळी इथे 65 घरं होती म्हणतात, आता निम्मीही उरली नाहीत, बाकीच्या जागी इमारती. पण उरलेल्या घरांतून मांजर जमिनीला पाय न लावता अर्धी वाडी फिरू शकतं. आणि ज्या घराच्या व्हरांड्यात ते उतरतं, तिथे त्याला काहीतरी मिळतंच. ईस्ट इंडियन घरांतून मासे, पाठारे प्रभूंच्या उंबऱ्यावर मासेच, आणि आमच्या समोरच्या मावशींकडे दूधभात.

मग मी सोपा मार्ग धरला. बेगमला खोलीत कोंडलं. दाराला कडी, खिडकीला जाळी. पहिला दिवस ती रडली. दुसऱ्या दिवशी दारापाशी बसून राहिली, आवाज नाही, फक्त दाराकडे बघत. भांड्यातलं 40 ग्रॅम संपलेलं, आणि पुढचं संध्याकाळी.

अब्बा संध्याकाळच्या नमाजनंतर खुर्चीत बसले होते. म्हणाले, ‘ती बाई आठवते का तुला?’

आठवणार नाही कशी? बुखारी आणि मुस्लिम, दोन्ही संग्रहांत आहे ती हदीस. लहानपणी मदरशात ऐकून मी रात्री उठून आमच्या तेव्हाच्या मांजरीला पाणी ठेवायचे. एका बाईने मांजरीला कोंडून ठेवलं, स्वतः खायला दिलं नाही, आणि बाहेर जाऊन किडामुंगी खायलाही सोडलं नाही. मांजर मेली, आणि बाई जहन्नमला गेली. अब्बांच्या आवाजात दम नव्हता, नुसती आठवण होती. तेच जास्त लागलं.

‘मी उपाशी ठेवत नाहीये, अब्बा. मोजून देतेय.’

‘मलाही मोजूनच देतेस. पण माझ्या दाराला कडी नाही.’

मी उत्तर दिलं की पोटाचा एक भाग अन्नाला, एक पाण्याला, एक श्वासाला ठेवावा, हीसुद्धा हदीसच आहे. अब्बा म्हणाले, आहे, पण ती स्वतःच्या पोटासाठी सांगितलेली आहे. वादात अब्बांशी मी आजवर जिंकलेले नाही. कडी काढली.

कडी काढली म्हणजे घरोघर जाऊन सांगणं आलं, आणि तेच मी टाळत होते. मांजराला खाऊ घालू नका, हे म्हणायला सोपं आहे. पण वाडीत मुसलमानाचं घर आमचं एकच. आमच्या दारातून कुणाच्या दारात ‘तुमच्याकडचं नको’ हा निरोप जाणं, याला वजन असतं. दुसऱ्या कुणी सांगितलं तर ती मांजराची गोष्ट राहते. आम्ही सांगितली की ती खाण्यापिण्याची होते. हे माझ्या मनाचे खेळ असतील, पण ते उगाच आलेले नाहीत. याच मुंबईत माझ्या मावसबहिणीला नाव सांगितल्यावर चार घरं ‘आत्ताच गेली’ होती.

कोपऱ्यावरच्या आंटी ऐकून हसत सुटल्या. डॉक्टरने त्यांचंही तेच सगळं बंद केलंय, वर त्यांनी कबूल केलं की नाताळात बेगमने त्यांच्याकडे सॉरपोटेलही चाखलं होतं. ‘तुझ्या अब्बाला सांगू नको.’ अब्बांना सांगितलं. अब्बा म्हणाले, मांजराला शरीयत नाही.

मावशींकडे शेवटी गेले. मावशी 80च्या पुढे, एकट्या. मुलगा परदेशात, रविवारी फोन. कागद-पेन घेऊन मी विचारलं, मावशी, बेगमला दिवसभरात काय काय देता, मला हिशेब करायचाय. त्या आठवून आठवून सांगू लागल्या. सकाळी एक ग्लुकोज बिस्किट. मी मनात मांडलं, 25 कॅलरी, माणसाने नऊ-दहा बिस्किटं खावीत तसं. दुपारी दूधभात. रात्री साय. आणि मग त्याच ओघात म्हणाल्या, ‘आणि तुमच्याकडचं ईदेचं येतं ना, ते खिरीसारखं, ते फार आवडतं हो तिला.’

मी लिहीत होते. पेन थांबलं. मावशींनाही कळलं असावं, कारण त्या पदराचं टोक सारखं करू लागल्या.

अम्मी होती तेव्हापासून, म्हणजे तीसेक वर्षं, शीरखुर्म्याची पहिली वाटी मावशींकडे जाते. आमच्या खाण्याआधी. दर वेळी वाटी धुऊन परत येते, तळाशी चमचाभर साखर घालून, कारण रिकामं भांडं परत करायचं नसतं. आणि दर वेळी मावशी म्हणतात, छान झालं होतं. बेगमच्या आधी कुणाला आवडत होतं, हा प्रश्न माझ्या जिभेवर आला. विचारला नाही. मला साखर चालत नाही गं, असं त्या जरा वेळाने म्हणाल्या. ते खरं असेल. हल्लीचं तरी खरं असेल.

मी उगाचच सांगितलं की मांजरांना गोड चव कळतच नाही. खरंच कळत नाही, ती चव ओळखणारं जनुकच त्यांच्यात निकामी असतं. त्या येतात दुधातुपासाठी. ‘हो का?’ मावशी म्हणाल्या. आम्ही दोघी त्या माहितीला घट्ट धरून बसलो.

घरी येऊन अब्बांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ज्याचं रिज्क त्याला पोचतं. हे त्यांनी मावशींबद्दल म्हटलं की बेगमबद्दल, मी विचारलं नाही. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

दोन दिवस मावशींचं दार लोटलेलं होतं. बेगम त्यांच्या उंबऱ्यावर बसून यायची. तिसऱ्या दिवशी मला सुचलं ते खरं तर आधी सुचायला हवं होतं. सकाळी मोजलेल्या 40 ग्रॅममधलं 15 ग्रॅम औषधाच्या रिकाम्या डबीत भरलं आणि मावशींच्या हातात दिलं. दुपारचं तुम्ही घाला, म्हटलं, माझ्या शिकवण्या असतात. पाच ग्रॅमची दुसरी डबी आंटींना. राहिलेलं आणि चिकन आमच्याकडे. चिकनचं पाणी कोरड्या खाण्यावर ओतलं की भांडं भरल्यासारखं दिसतं. अब्बा आपल्या वाट्याचे दाणे जिन्याच्या पायऱ्यांवर एकेक करून फेकतात, बेगम वर-खाली पळते. व्यायाम दोघांचा. मावशी दुपारी बरोबर एक वाजता डबी खुळखुळवतात, आणि बेगम कुठेही असली तरी कौलांवरून येते. एकदा त्यांनी मला डबीत चार दाणे कमी असल्याचं सुनावलं.

ऑक्टोबरात सहा किलो तीनशे. नाताळानंतर एक आठवडा काटा हलला नाही, आंटींनी नजर चुकवली, मी काही बोलले नाही. रमजानात बेगम सहरीला आमच्याबरोबर उठायची आणि ओरडायची, म्हणून सकाळचा वाटा सहरीला हलवला, एकूण तेवढाच. अब्बा औषधांमुळे रोजे ठेवू शकत नाहीत, पण सहरीला उठून बसतात. तिला दाणे मोजून घालायचे आणि स्वतः आपल्या मोजलेल्या दोन पोळ्या खायचे. पाठीवरच्या गुठळ्या गेल्या. कुशीवर हात फिरवला की आत काहीतरी लागायला लागलं होतं.

ईदेच्या सकाळी शीरखुर्मा केला. वाटी भरताना हात थांबला. मग नेहमीसारखीच भरली, फक्त वेगळ्या पातेल्यातून, साखर न घालता, खजुराच्या गोडीवर. अब्बांसाठी तसा केलाच होता. मावशींना सांगितलं, यात साखर नाही. त्यांनी वाटी घेतली, पदराखाली धरली आणि दार लोटलं.

बेगम दिवसभर घरीच होती, पाहुण्यांच्या चपलांवर झोपून. संध्याकाळी वाटी आली, धुतलेली, तळाशी साखर. दुसऱ्या दिवशी रविवार. रद्दीवाल्याने पिशवी काट्यावर ठेवली. पाच किलो शंभर.