लाइन कुठे जाणार?

जळगाव-धुळ्याकडे हळदीत किंवा लग्नात ऑर्केस्ट्रा असला, तरी गिटार वाजवणाऱ्याच्या मागे अ‍ॅम्प सहसा नसतो. वायर थेट साउंडवाल्याच्या मिक्सरला जाते आणि आवाज मांडवातल्या मोठ्या बॉक्समधून येतो. म्हणून कमी बजेटमधलं पेडल कोणतं घेऊ असं पोरं विचारतात, तेव्हा मी उलट विचारतो, तुझी लाइन कुठे जाणार?

बॉसचं नारिंगी डीएस-1 हे डिस्टॉर्शन 1978 पासून चालत आलंय. दणकट, तीनच नॉब, 9 व्होल्टच्या चौकोनी बॅटरीवरही चालतं. घरी अ‍ॅम्पला लावलं की अंगावर येतं. पण पारोळ्याकडच्या एका हळदीत आमच्या गिटारवाल्याने ते सरळ मिक्सरला जोडलं आणि अहिराणी गाण्याच्या मधल्या पीसला असा चिरका आवाज निघाला की ढोलकीवाला वळून म्हणाला, "भाऊ, हाई काय वाजी राह्यनं?" पेडल चांगलंच होतं. गिटार अ‍ॅम्पचा स्पीकर साधारण 5 किलोहर्ट्झच्या वरचा आवाज गाळतो. मांडवातले बॉक्स तो जसाच्या तसा बाहेर फेकतात.

हे गाळण्याचं काम झूम जी1 फोरसारखा छोटा प्रोसेसर आतच करतो, कारण त्यात अ‍ॅम्प आणि कॅबिनेटचे मॉडेल असतात. चार पेन्सिल सेलवरही चालतो, त्यामुळे जनरेटर बदलताना लाइट गेली तरी तो बंद पडत नाही. वैताग एकच, अंधारात बारक्या स्क्रीनवर सेटिंग शोधत बसावं लागतं. त्यामुळे पॅच घरीच, गाण्यांच्या क्रमाने लावून ठेवायचे. ज्याला हे नको, त्याला जोयोचं अमेरिकन साउंड बरं: एकच पेडल, सहा नॉब, आणि ते अ‍ॅम्पसारखा आवाज देण्यासाठीच बनवलेलं आहे.

अ‍ॅडॉप्टर मात्र कुठलाही उचलू नका. बहुतेक पेडलना 9 व्होल्ट लागतात आणि पिनच्या मध्ये मायनस असावा लागतो. बाजारातल्या साध्या अ‍ॅडॉप्टरमध्ये बऱ्याचदा मध्ये प्लस असतो. त्यावर छापलेली खूण बघूनच पैसे द्या.

घरी अ‍ॅम्प असेल तर डीएस-1 खुशाल घ्या. मांडवात वाजवायचं असेल, तर आधी प्रोसेसर.