टिप चालेल, उधळण नाही

पनवेलचा एक वकील रोजनिशीत पक्षकारांपेक्षा कायद्यांबद्दलच जास्त लिहितो. काल रात्री त्याने 2005 सालची वही काढली. पनवेलचे तेव्हाचे आमदार विवेक पाटील यांनी विधानसभेत डान्सबारवर लक्षवेधी मांडली आणि गृहमंत्री आर. आर. पाटलांनी बंदी जाहीर केली, ते वर्ष.

घोडं अडलं बंदीच्या कायद्यातल्या कलम 33 ब पाशी. तीन तारांकित आणि त्यावरच्या हॉटेलांत नाच चालेल, हायवेवरच्या बारमध्ये नाही. नाच तोच, गालिचा तेवढा महाग! हा भेद उच्च न्यायालयाने 2006 मध्ये मोडीत काढला, सर्वोच्च न्यायालयानेही 2013 मध्ये तेच कायम केलं.

अमेरिकेत वेगळंच. इंडियानातल्या बारमधला नग्न नाच ही अभिव्यक्ती, पण अगदी काठावरची, असं म्हणत तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये बंदी टिकवली. आपल्याकडे मुख्य भिस्त होती समानतेवर आणि पोटापाण्याच्या हक्कावर. वकिलाला हाच पाया भक्कम वाटतो.

वहीच्या मागच्या पानावर सर्वोच्च न्यायालयाच्या 2019 च्या निकालाची नंतर केलेली नोंद आहे: नर्तिकेला टिप देता येईल, नोटा उधळता येणार नाहीत. शेजारी पेन्सिलीने त्याने खरडलंय, ‘हातातली नोट सुटली कधी, हे बघणार कोण? हवालदार?’